टँकरचा दिवस

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढंही नाही — तिथं उभी राहिले की मी दुसरंच बोलत बसते, कोणाची तब्येत, कोणाची परीक्षा. मग तुम्हाला का सांगते आहे? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि तिलाही ओळखत नाही म्हणून.

आधी माझी ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी वर्षा. पन्नाशी ओलांडली आहे. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी तर सगळेच करतात. माझ्याकडं कपाटातल्या गोधड्यांचीही यादी असते. गावाला निघताना गॅस, नळ, खिडक्या, कुलूप — एकेकावर खूण झाल्याशिवाय मी जिना उतरत नाही. घरात काही सापडेना की मला विचारतात. ऑफिसात कोणाला काही आठवेना की मला विचारतात. 'वर्षा म्हणते ना, मग तसंच असणार.' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे — आणि खरं सांगायचं तर, ते ऐकायला मला फार आवडायचं. एवढं ध्यानात ठेवा.

गोष्ट दुष्काळातली. शहराचं नाव तेव्हा वेगळं होतं आणि जायकवाडीत पाणी कमी, गाळ जास्त दिसत होता. पैठणहून येणारे लोक धरणाच्या पोटातून वर आलेल्या जुन्या गावांच्या भिंतींचे फोटो दाखवायचे. शहर मात्र वाढायचं थांबलं नव्हतं. बायपासला मजल्यावर मजले चढत होते, त्यांच्या बांधकामाला टँकर जात होते, आणि आम्ही आमच्या टँकरची वाट बघत होतो.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर पातेल्यांवर नावं घालायचा ठकठक आवाज चालायचा. वर आम्ही — मी, नुझत, गोरख आणि आमचे साहेब, काळे सर. आणखी दोघं-तिघं होते, पण या गोष्टीत त्यांचं काम नाही.

आमचं काम काय होतं ते सांगते. ऐकायला कोरडं वाटेल. मला ते कोरडं कधीच वाटलं नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडं एक हत्यार असतं — डीबगर. चालता प्रोग्राम मध्येच थांबवायचा, लहानपणी आपण एकमेकांना 'स्टॅच्यू' करायचो तसा, आणि त्याला विचारायचं: आत्ता तुझ्या पोटात काय आहे? प्रोग्राम आपली माहिती ठेवतो डब्यांत. ते डबे भाषेबरोबर तयारच मिळतात. कंटेनर म्हणतात त्यांना. कुठला फळीवर ओळीनं मांडल्यासारखा, कुठला साखळीसारखा, कुठला मसाल्याच्या बरण्यांसारखा — प्रत्येकीवर चिठ्ठी. परदेशातली एक कंपनी नवा डीबगर बनवत होती. तो या डब्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना बरोबर उत्तरं देतो की नाही, हे तपासायचं काम आमच्याकडं आलं होतं. डब्यात किती आहेत? पहिला कोण? शेवटचा कोण? अमुक चिठ्ठीच्या बरणीत काय?

हे काम आम्ही एका खास पद्धतीनं करायचो. पद्धत नुझतची. एकानं प्रोग्राम लिहायचा, डबे भरायचे, आणि आत काय भरलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दुसऱ्यानं डीबगरला विचारायचं आणि आलेलं उत्तर मोठ्यांदा वाचायचं. लिहिणाऱ्यानं मान वर न करता पडताळायचं. नुझत लिहायची, मी विचारायची. टेबलं समोरासमोर.

"किती?" मी म्हणायची, आणि पडद्यावरचं उत्तर वाचायची, "चार."

"हौ," नुझत म्हणायची.

"पहिला — घागर."

"हौ."

"शेवटचा — बादली."

"गलत, वर्षाबाई! शेवटी हंडा भरलाय मी. तुझ्या डीबगरला तहान लागलीय, डोळ्यापुढं बादल्या नाचतायत त्याच्या."

पुस्तकांतली उदाहरणं घेतली तर डब्यांत एक, दोन, तीन असे आकडे असतात. नुझत कधी आकडे भरायची नाही. रमझानमध्ये तिचे डबे खाण्याच्या पदार्थांनी भरलेले असायचे, आणि मग दुपारभर मी ते वाचून दाखवते म्हणून तीच मला शिव्या घालायची. दुष्काळ लागला तसे घागर, हंडा, कळशी, पिंप आले. गोरखची पाळी असली की त्याच्या घरच्या शेळ्यांची नावं. तो देवगाव रंगारीचा. घरी अजून मेंढरं-शेळ्या होत्या. आम्हा सगळ्यांत हुशार, आणि त्याहून जास्त वात्रट. डीबगर अडला की म्हणायचा, "आमच्या गावात न इचारता समदं सांगत्यात, अन् ह्याला इचारलं तरी नाय सांगत. लई मुका हाय हो, ताई."

अशी वर्षं गेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोरच्या टेबलावरून तो आवाज — हौ, हौ, गलत, हौ. तुम्ही कधी कोणाबरोबर असं काम केलं आहे? ज्यात बोलणं असं काहीच नसतं आणि तरी दिवसभर कोणीतरी आपल्याला उत्तर देत असतं? मी लग्न केलं, संसार केला, मुलगा वाढवला. पण माझ्या प्रत्येक प्रश्नाला लगेच, न कंटाळता उत्तर देणारं माणूस मला आयुष्यात एकच मिळालं.

बघा, मी भरकटले. मुद्द्यावर येते.

आमच्या पद्धतीत एक नियम होता, तोही नुझतचाच. प्रोग्रामनं स्वतः तो प्रश्न विचारलेला चालायचा नाही. का? कारण हे डबे मोठे कंजूष असतात. तुम्ही प्रोग्राममध्ये कुठंच 'किती आहेत' असं विचारलं नसेल, तर त्याचं उत्तर द्यायची सोयच तयार प्रोग्राममध्ये उतरत नाही. वापरलं तेवढंच येतं. मग डीबगर तिथं थांबून विचारतो, तेव्हा उत्तर द्यायला आत कोणी नसतं. जुने डीबगर तिथंच हात टेकायचे. या नव्या डीबगरचा दावा होता की अशा वेळी तो स्वतःच्या जोरावर उत्तर तयार करेल. तेच तर तपासायचं होतं. प्रोग्रामनं आधीच एकदा विचारून ठेवलं, तर ती सोय आयती तयार होते आणि कुठलाही डीबगर पास होतो. नुझत म्हणायची, "पेपर फुटला, मग परीक्षा कसली?"

हा नियम आणि दुसरी एक रीत — एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल. ती दुसरी रीत म्हणजे टँकरची सुट्टी.

टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. आज येतो म्हणायचे आणि परवा यायचा. मग घरून ऑफिसच्या फोनवर फोन. तो फोन माझ्या टेबलावर. ज्याच्या गल्लीत टँकर आला त्यानं हातातलं टाकून पळायचं, पाणी भरायचं, परत यायचं. रजा नाही, अर्ज नाही, कुठं नोंद नाही. काळे सरांनीच सांगून ठेवलं होतं, "पाणी आलं की पळा, कामाचं बघून घेऊ." मागं राहिलेल्यानं त्याच्या खुर्चीत बसून त्याचं काम पुढं चालवायचं. एकमेकांचे पासवर्ड आम्हाला पाठ. नुझतचा म्हणजे तिच्या मुलीचं लाडाचं नाव.

त्या मंगळवारी कामाची एक खेप परदेशी पाठवायची होती. मी यादीची मालकीण. कोणता डबा, कोणता प्रश्न, पास की नापास — पूर्ण यादी मी धरायची. आणि त्या सकाळी मी साखळीच्या डब्यांच्या ओळींवर आधीच खुणा करून टाकल्या. विचारलं नव्हतं. मागच्या खेपेला पास झाले होते, आदल्या दिवशीचे सगळे पास झाले होते, हेही होतील. यादीत शेवटच्या चार मोकळ्या जागा मला बघवत नव्हत्या. सकाळीच मी तिकडं कळवून टाकलं: सगळं तपासलं, सगळं बरोबर.

दुपारी जेवताना फोन आला. नुझतच्या सासूबाई. "टँकर आया, जल्दी भेज." नुझतनं खिचडीचा डबा तसाच उघडा टाकला, ओढणी सावरली आणि जिना उतरता उतरता ओरडली, "वर्षाबाई, ते साखळीचे राहिलेत, घे करून!"

मी तिच्या डब्यावर झाकण ठेवलं. तिच्या खुर्चीत बसले. डीबगरला विचारलं: किती?

उत्तर आलं नाही. अशी सोय इथं नाही, असा निरोप आला. चारही साखळ्यांचा तोच निरोप. सरळ होतं — नवा डीबगर तिथं नापास होता. हेच शोधायला तर आम्हाला बसवलं होतं! मला फक्त एक ओळ लिहून कळवायचं होतं: सकाळी कळवलेलं चुकलं, मी न विचारता खूण केली होती.

मी वेगळीच ओळ लिहिली. नुझतच्या प्रोग्राममध्ये, नुझतच्या खुर्चीत बसून, नुझतच्या नावानं. 'किती आहेत' हे विचारणारी एकच ओळ, चारही ठिकाणी. पेपर फोडला. मग डीबगरला पुन्हा विचारलं, आणि त्यानं भराभर उत्तरं दिली. माझ्या खुणा खऱ्या ठरल्या. मी खेप पाठवून दिली.

नुझत परत आली तेव्हा तिच्या सलवारचे पायचे ओले होते आणि अंगाला रबरी पाइपचा वास येत होता. खुशीत होती. "दोन्ही टाक्या भरल्या! आणि हे घे —" म्हणून तिनं माझ्या पायाशी एक कॅन ठेवली. निळ्या झाकणाची, पाच लिटरची, काठोकाठ भरलेली. आमच्या गारखेड्याच्या बाजूला टँकर तेव्हा बरेच दिवस आला नव्हता, आणि ते तिच्या लक्षात होतं. त्या भर उन्हात रोशन गेटच्या मागून औरंगपुऱ्यापर्यंत स्कूटीवर पायांत कॅन धरून आली होती ती.

"साखळ्या झाल्या?"

"झाल्या," मी म्हणाले.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. ही कामातली चोरी. लाज वाटावी अशीच आहे, पण एवढ्यासाठी मी इतकी वर्षं गप्प बसले नसते. सांगायचं ते पुढं आहे. जरा दम घेते.

बऱ्याच आठवड्यांनी तिकडून पत्र आलं. त्यांच्या वापरणाऱ्यांपैकी कोणालातरी साखळीच्या डब्यांवर डीबगरनं दगा दिला होता. त्यांनी आमचे प्रोग्राम उघडून बघितले, त्यांना त्या ओळी सापडल्या. या कोणी घातल्या, आणि का?

काळे सरांनी आम्हा तिघांना बोलावलं. बदलांच्या नोंदीत वार होता, वेळ होती, नाव होतं. नुझतला आधी हसूच आलं. "मी? मी कशाला घालीन, सर? नियम तर माझाच आहे." मग तिनं वाकून पडद्यावर आपलं नाव पाहिलं. हसू थांबलं. क्षणभरानं चेहरा एकदम मोकळा झाला.

"मंगळवार दुपार? मंगळवारी दुपारी मी इथं नव्हतेच. आमच्याकडं टँकर आला होता. वर्षाला विचारा ना, फोन तिनंच घेतला होता."

ती माझ्याकडं वळली. कशी वळली सांगू? संशयानं नाही. प्रोग्राम लिहिणारा माणूस खात्रीच्या डब्याकडं बघतो, तशी. तिच्या डोक्यात आलंच नाही. ती नसताना तिच्या खुर्चीत कोण बसतं — हा साधा प्रश्न त्या खोलीत कोणाच्याच डोक्यात आला नाही. मी याद्या करणारी बाई, मी असलं काही करीन कसं?

काळे सर म्हणाले, "वर्षाताई?"

खाली कोणाच्या तरी पातेल्यावर नाव पडत होतं. ठक, ठक, ठक.

"टँकर सोमवारी आला होता," मी म्हणाले.

"सोमवारी?" नुझत म्हणाली. "पण मी तुला कॅन आणून दिली होती ना, त्याच दिवशी —"

"ती पण सोमवारीच."

झालं. एवढंच. मला ओरडावं लागलं नाही, शपथ घ्यावी लागली नाही. नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या खात्रीनं, मी एक वार सांगितला. नुझतनं बोटांवर काही मोजायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिलं. आणि मग — ती भांडली असती तर किती बरं झालं असतं! — मान हलवून म्हणाली, "मग असेल. वर्षा म्हणते म्हणजे असेलच. घातली असेल मीच, घाईत. माझ्या ध्यानात नाही."

 संध्याकाळी गोरख जिन्यात मला गाठून हळूच म्हणाला, "ताई, टँकर मंगळवारीच नव्हता का? मला आपलं वाटतंय. नुझतबाईचा डबा उरला व्हता ना, म्या खाल्लेला."

"सोमवार," मी म्हणाले.

"असंल," तो म्हणाला. "तुमच्या ध्यानात राहतं."

म्हणजे एकीच्या नाही, दोघांच्या आठवणीवर मी आपली खूण केली.

दुसऱ्या दिवशी नुझत म्हणाली, "सासूबाईंना विचारलं मी, टँकर सोमवारी आला का मंगळवारी. त्या म्हणे, कौन याद रखता, पानी आया बस." आणि हसली. मीही हसले. हसले मी.

काळे सर भले माणूस होते. त्यांनी तिला काढलं नाही, आवाजही चढवला नाही. पण आमचं ऑफिस तेव्हा चिकलठाण्याकडच्या काचेच्या नव्या इमारतीत जाणार होतं, काम वाढणार होतं, आणि डीबगरच्या सगळ्या तपासणीची प्रमुख नुझत होणार हे ठरल्यासारखंच होतं. पद्धतच तिची होती, दुसरं कोण होणार? ती जागा मला मिळाली. नुझतला मदतपुस्तिका नीट करायचं काम दिलं.

जागा गेली याचं तिला वाईट वाटलं असेल. पण ते मी बघितलं नाही. मी बघितलं ते दुसरंच. ती मला विचारायला लागली. आधी मी विचारायची आणि ती उत्तर द्यायची — आता उलटं झालं. पान लिहायची आणि उठून माझ्याकडं यायची. "वर्षा, हे मीच लिहिलं ना गं काल?" "वर्षा, मी सरांना हे सांगितलं का सांगायचं राहिलं?" बाहेर पडायची आणि स्कूटीला किल्ली तशीच राहिली का बघायला परत यायची. किल्ली तिच्या हातातच असायची. दर वेळी मी शांतपणे उत्तर द्यायची. हो, तूच लिहिलंस. हो, सांगितलंस. दर वेळी एक दार उघडं असायचं, आणि दर वेळी मी तिथून बाजूनं निघून जायची. भीती कसली होती? नोकरीची? सुरुवातीला असेल. नंतर नाही. नंतर भीती एवढीच की तिनं माझ्याकडं पुन्हा तसं वळून बघायचं बंद केलं असतं.

आणि तरी ती गेलीच. नवऱ्याची बदली परभणीला झाली, पण ती त्याआधीच नोकरी सोडून मोकळी झाली होती. शेवटच्या दिवशी म्हणाली, "नक्को आता. मला माझाच भरोसा वाटत नाही, वर्षाबाई. हात एक लिहितात आणि डोकं म्हणतं मी नव्हतेच." टेबल रिकामं करताना तिनं मला जवळ घेतलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोपटलंसुद्धा.

नव्या इमारतीत सगळी तपासणी आपोआप व्हायला लागली. कोणी मोठ्यांदा विचारत नाही, कोणी उत्तर देत नाही. सकाळी आलं की पडद्यावर हिरव्या-लाल ओळी तयार. काम पुष्कळ वाढलं, माणसं वाढली, मी मोठी झाले. गोरख पुण्याला गेला. कधी कधी सगळे जेवायला गेले की मी एखादा जुना प्रोग्राम उघडते. मध्येच थांबवते. डीबगरला विचारते, किती? तो सांगतो, चार. बरोबर असतं. मी समोर बघते. समोर काच असते, काचेपलीकडं नवी इमारत चढत असते.

आता शेवटचं.

मध्ये एकदा औरंगपुऱ्यात गेले होते, भाचीच्या लग्नाचा आहेर घ्यायला, त्याच भांड्यांच्या दुकानात. दुकान मोठं झालं होतं, सरकता जिना तेवढा नव्हता. काउंटरपाशी नुझत उभी. केस पिकलेले, चष्मा, बाकी तीच. मुलीचं लग्न ठरलं होतं, भांडी घ्यायला परभणीहून आली होती. मला पाहिलं आणि भर दुकानात ओरडली, "वर्षाबाई! अगं, म्हातारी झालीस की गं!"

"आणि तू काय सोळा वर्षांची?"

"सोळाचीच हाय मी. चश्मा शौक म्हणून लावते."

हातात चिठ्ठी होती. लांबलचक, एकेका ओळीपुढं बारीक चौकोन काढलेले. दुकानदार एक वस्तू समोर ठेवायचा, ती खूण करायची, मग पुन्हा ती वस्तू बघायची, पुन्हा खूण बघायची. मध्येच तिनं मुलीला फोन केला — "मी निघताना गॅस बंद केला ना? मला वाटतं केला. पण तू बघ एकदा. नाही, उठून बघ." तिकडून काहीतरी वैतागलेलं ऐकू आलं. नुझत मला म्हणाली, "पोरी हसतात मला. तुझीच सवय लावून घेतली बघ, सगळं लिहून ठेवते. माझा काही नेम नाही ना. तेव्हापासूनच."

मी काउंटरवरचं एक ताट उचलून उलटसुलट करून बघितलं.

"तू होतीस म्हणून बरं, तेव्हा," ती म्हणाली. "नाहीतर मी सरांशी भांडतच बसले असते, मंगळवार मंगळवार करून. खोटी पडले असते सगळ्यांपुढं."

दुकानात गर्दी होती. दुपारचं लख्ख ऊन होतं. ती माझ्यासमोर उभी होती, हातभर अंतरावर. एक वार सांगायचा होता. दुसरं काही नको होतं — कारण नको, माफी नको, फक्त एक वार. मी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि म्हणाले, दाखव, मी तपासून देते. आम्ही दोघींनी मिळून ताटं, वाट्या, पराती मोजून घेतल्या. मी वाचत गेले, ती म्हणत गेली, हौ, हौ, हौ. किती वर्षांनी! देवा, मला किती बरं वाटलं. हेही सांगते, लपवत नाही — त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

रिक्षात बसताना ती एकदम वळली. "आणि माझी कॅन? निळ्या झाकणाची? तुझ्याकडंच आहे ती अजून." मग हसू जरा मावळलं, आणि तिनं विचारलं, "हे तरी बरोबर आठवतंय ना मला?"

"हौ," मी म्हणाले.

रिक्षा निघून गेली.

कॅन माझ्या गॅलरीत आहे. झाकण फुटलं, कॅन आहे.

टँकर मंगळवारी आला होता. नुझत घरी पाणी भरत होती. त्या ओळी मी लिहिल्या.